सुपडूआप्पांची पाणबुडी

आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी सातच्या सुमारास सुपडूआप्पा गोष्ट सांगतात, आणि सांगताना त्यांच्या तोंडातून अजिबात आवाज येत नाही.

मी वाढवून सांगत नाही. मला ते जमतही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि प्रयोगाची वही सोडून आजवर मी काहीच लिहिलेलं नाही. त्या वहीत जे दिसलं तेच लिहायचं असतं. इथेही तसंच करायचा प्रयत्न करते.

दिसतं ते असं. नवागाममधली आमची अरुंद गल्ली, आप्पांच्या दारापुढचा ओटा, आणि ओट्याखाली बसलेली दहा-पंधरा माणसं. आप्पांच्या डोक्यावर एक भगभगीत दिवा, तोही असा टांगलेला की सगळा उजेड त्यांच्या तोंडावर पडावा. आप्पांचे ओठ भराभर हलतात, भुवया वर जातात, बोटं हवेत काहीतरी कापतात. समोरची माणसं श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत असतात. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस हे दृश्य पाहून घाबरला. म्हाताऱ्याला झटका आलाय आणि सगळे नुसते बघत बसलेत, असं त्याला वाटलं. दवाखान्यात न्या म्हणून तो हिंदीत ओरडायला लागला. आप्पांनी मान न वळवता एक बोट वर करून त्याला थांबायला सांगितलं, कारण त्या वेळी ज्वालामुखी फुटायला तीन मिनिटं उरली होती. तो माणूसही मग थांबला. गोष्ट संपल्यावरच त्याने मीटर बघितलं.

याचं कारण साधं आहे. आमच्या गल्लीतले बहुतेक सगळे महाराष्ट्रातून, धुळ्या-अमळनेराकडून इकडे आलेले आणि लूमच्या खात्यात काम करणारे. खातं म्हणजे मागांचा कारखाना. तिथे साठ-सत्तर यंत्रं एकदम चालतात. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून तिथे कोणी ओरडतच नाही, नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरचा ते वाचतो. आप्पांनी तीस-बत्तीस वर्षं अशीच काढली. माझे वडीलही जेवताना आवाज न काढता मीठ मागतात आणि आई देते. मी अक्षरं वाचायला शिकले त्याच्या आधी ओठ वाचायला शिकले. त्याचा तोटाही झाला. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी घाबरून तीन प्रश्नांची बरोबर उत्तरं नुसत्या ओठांनी दिली. सर म्हणाले, "बेन, गळुं बेसी गयुं छे?" हो, घसा बसलाय, असं मी म्हटलं, तेही ओठांनीच.

आप्पांचं मात्र जरा जास्तच आहे. त्यांच्याकडे दोनच आवाज आहेत. एक हा, बिनआवाजाचा. दुसरा असा की रेशनच्या दुकानात त्यांनी साखर मागितली तर पलीकडच्या गल्लीला कळावं. मधलं काही नाही. फोनवर ते बोलतात तेव्हा पलीकडचा माणूस बराच वेळ हॅलो हॅलो करतो, मग एकदम फोन कानापासून लांब धरतो. त्यांची मुलगी जवळच्या सचिन गावात राहते. तिने आता नियमच केलाय की बाबांशी फक्त व्हिडिओवर बोलायचं.

आता त्या गोष्टींबद्दल.

आप्पा फक्त एकाच जातीची पुस्तकं वाचतात. त्यात शास्त्रज्ञ असले पाहिजेत आणि ते पळत असले पाहिजेत. बर्फाखाली काहीतरी सापडलेलं असतं, किंवा प्रयोगशाळेतून काहीतरी सुटलेलं असतं, किंवा समुद्राच्या तळाशी काहीतरी दिवा लागल्यासारखं दिसतं, आणि जगाकडे दोन दिवस उरलेले असतात. ही पुस्तकं ते पस्तीवाल्याकडून आणतात. आमच्याकडे रद्दीला पस्ती म्हणतात. पलीकडच्या भागात बँकेतली, शाळेतली मराठी कुटुंबं राहतात. ती बदली होऊन किंवा निवृत्त होऊन महाराष्ट्रात परत निघाली की घरातली पुस्तकं पस्तीत टाकतात. आप्पा दर रविवारी त्या ढिगाशेजारी उकिडवे बसतात आणि एकेक पुस्तक उघडून फक्त पहिलं पान वाचतात. पहिल्या पानावर काही फुटलं, बुडालं किंवा कोणी नाहीसं झालं तर पुस्तक पिशवीत. सकाळच्या कोवळ्या उन्हाचं वर्णन असेल तर परत ढिगात.

"तार तुटनी," ते म्हणतात.

हा त्यांचा सगळ्यात मोठा शेरा. मागावर ताण्यातली एक तार, म्हणजे एक धागा जरी तुटला, तरी यंत्र थांबवून तो जोडावा लागतो. तेवढा वेळ कापड विणलं जात नाही. आप्पांच्या मते लेखकाचंही तसंच आहे. नायक कड्यावरून लोंबकळत असताना लेखकाला त्याचं बालपण आठवलं, की तार तुटली. एका पुस्तकात शास्त्रज्ञ आणि त्याची सहकारी आगीतून पळता पळता थांबून एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात असं दीड पान होतं. आप्पांनी ते दीड पान गल्लीला सांगितलंच नाही. पुढे त्या दोघांचं लग्न झालं तेव्हा सगळे चकित झाले.

बहुतेक पुस्तकांना मुखपृष्ठ नसतं, त्यामुळे नावंही नसतात. आप्पा स्वतःच नावं ठेवतात. बर्फवालं, विषाणूवालं, पाणबुडीवालं. लेखकाचं नाव विचारलं तर म्हणतात, "नाव कशाला? कारागीर चांगला शे."

मी विज्ञान शाखेला गेले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आप्पांना झाला, आणि सगळ्यात जास्त निराशाही त्यांचीच झाली. त्यांनी मला "सायन्स" अशीच हाक मारायला सुरुवात केली. कॉलेजातून येताना रोज ओट्यावरून प्रश्न यायचा, "काय सायन्स, आज कॉलेजमा काही फुटनं का?"

रोज मी नाही म्हणायचे. मला वाईट वाटायचं. इतक्या लांबून हा माणूस विज्ञानाकडे एवढ्या आशेने बघतोय आणि माझ्याकडे त्याला द्यायला काही नाही. एकदा धीर करून मी सांगितलं की फुटलं काही नाही, पण आज एका काचेच्या नळीतून थेंब थेंब अल्कली खालच्या आम्लात सोडायची होती. किती थेंबांनी रंग बदलतो ते बघायचं. माझं तीनदा चुकलं.

"एकदम बदलस?" आप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, एका थेंबात. आधी पाण्यासारखं स्वच्छ असतं. तो एक थेंब पडला की सगळं फिकट गुलाबी. आणखी एक जास्त पडला तर गडद होतं आणि प्रयोग वाया जातो.

 संध्याकाळी आप्पांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि दिव्याखाली बसून तो प्रयोग सांगितला. एक पोरगी. हातात नळी. तीनदा हरलेली. थेंब पडतो, काही नाही. थेंब पडतो, गुलाबी ढग येतो आणि विरतो. तिला माहीत नाही की तो एक थेंब कुठला. त्यांनी दोन बोटांनी नळीचा कॉक असा हळू फिरवला की पुढे बसलेल्या शांताकाकूंनी आपल्या पोराचा दंड घट्ट धरला. मी मागे उभी होते. तो प्रयोग मी केला होता, त्याचा निकाल मला माहीत होता, तरी मी टाचा उंच करून त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी त्या नळीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. तो प्रयोग तेव्हा पहिल्याच खेपेला जमला.

आमच्या कॉलेजात वाचनाबद्दल बोलताना अशा पुस्तकांना वेळ घालवायची पुस्तकं म्हणतात. मला वाद घालता येत नाही. पण ती वाचताना माणूस पान उलटायचं थांबत नाही, एवढं मी पाहिलंय. पुढे काय होणार हे कळायला हवं अशी जी ओढ लागते, तीच तर प्रयोगशाळेतही लागायला पाहिजे असं मला वाटतं. हे मी वर्गात बोलले नाही. आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, हे मला कधीचं माहीत आहे, तुमच्या सरांना अजून कळलं नाही का.

आप्पांची आणखी एक खोड म्हणजे त्यांना मिशी नाही. आमच्या गल्लीत प्रत्येक बाप्याला मिशी आहे. आप्पा मात्र रोज सकाळी ओट्यावर आरसा टेकवून वरचा ओठ तुळतुळीत करतात. अमावास्या असो, सण असो, त्यात खंड नाही. यावरून लोक त्यांना खूप छळायचे. नाटकात बाईचं काम मिळालं का, असं विचारायचे. आप्पा म्हणायचे, मिशी कामात आडवी येते. मिशी यंत्रात अडकेल अशी त्यांना भीती वाटत असावी, असं आम्ही धरून चाललो होतो. निवृत्त झाल्यावरही ते रोज दाढी करत राहिले, तेव्हा कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. दिव्याचंही तसंच. तोंडावर उजेड पडलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट आम्ही हौस समजत होतो. आणि ते ओट्याच्या टोकाला दाराकडे तिरपे बसत, आपण आणि घराचा उंबरा यांच्यामध्ये कोणालाही बसू देत नसत. तो आम्हाला शकुन-अपशकुनाचा प्रकार वाटे.

त्या उंबऱ्यात जिजी बसायच्या. जिजी म्हणजे आप्पांची बायको. त्याही पूर्वी खात्यातच सुताच्या कांड्या भरायच्या. एकदा मागावरून धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, उडाला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो डोळा गेला. कान हळूहळू गेले, आणि आता कित्येक वर्षं त्यांना काहीच ऐकू येत नाही. संध्याकाळी त्या उंबऱ्यात भाजी निवडत बसतात. त्या फार बोलत नाहीत. फक्त आप्पा गोष्टीत कुठे थांबले की त्यांचा आवाज येतो, स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे खूप मोठा: "मंग?"

एवढाच शब्द. आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, आप्पा गल्लीला गोष्ट सांगतात आणि जिजी आपल्या भाजी निवडता निवडता बघतात.

मागच्या वर्षी जिजींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. भाजीत खडे यायला लागले, तेव्हा आप्पांच्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, एक दिवस पट्टी राहील. जिजी नाही म्हणाल्या. सगळ्यांनी समजावलं, मुलगी सचिनहून येऊन रडून गेली. जिजींचं उत्तर एकच, एक बोट वर. हा एकच डोळा आहे. तोही गेला तर?

त्या वेळी पाणबुडीवालं पुस्तक चालू होतं. एक पाणबुडी समुद्राच्या तळाशी चिखलात रुतलेली, आत पाच माणसं, त्यात एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी, आणि हवा संपत आलेली. ती मुलगी उठून एका चाकाकडे हात नेते. तिथे आप्पा थांबले. पुस्तक मिटलं. जिजींनी विचारलं, मंग? आप्पांनी ओठांनी सांगितलं, पुढचं ऑपरेशननंतर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारून पुस्तक माझ्या हातात दिलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर सुतळी. हे तुझ्याकडे ठेव, माझ्याकडे राहिलं तर ती मागेल आणि मी सांगून टाकीन, असं ते म्हणाले. मग जरा वेळ ते तिथेच बसले, आणि मी न विचारता त्यांनी सांगितलं. कान गेल्यावर पहिली दोन वर्षं जिजी भिंतीकडे तोंड करून बसायच्या. कोणाकडे बघायच्याच नाहीत. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने बघायचं सोडलं तर त्याला हाक तरी कशी मारायची? आप्पांनी पोथी सांगून पाहिली, घरादाराच्या कादंबऱ्या सांगून पाहिल्या. थोडा वेळ बघायच्या, मग तोंड फिरवायच्या. एके दिवशी पस्तीत एक पुस्तक मिळालं, त्यात पहिल्याच पानावर विमान नाहीसं झालं. ते सांगायला लागले आणि तासभर जिजींनी मान वळवली नाही.

"तिनी मान वळनी का मन्हं बोलणं संपनं," आप्पा म्हणाले. हे मात्र त्यांनी आवाजात म्हटलं, साध्या, मधल्या आवाजात. तो आवाज त्यांच्याकडे आहे हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणजे गोष्ट गल्लीसाठी नव्हतीच. ती जिजींसाठी होती, आणि आम्ही मध्ये बसून ऐकत होतो. मध्ये म्हणजे, त्या दोघांमधली जागा सोडून बाकी सगळीकडे.

गल्लीचे मात्र हाल झाले. पाणबुडी तळाशी आणि गोष्ट बंद. शांताकाकू रोज जिजींपुढे जाऊन उभ्या राहायच्या आणि ओठ ताणून म्हणायच्या, जिजी, करून टाका हो, तिकडे पाच जीव गुदमरताहेत. माझ्या वडिलांनी कामावरून आल्यावर चप्पलही न काढता विचारावं, झालं का त्यांचं ऑपरेशन? खात्यात पैज लागली होती की चाक फिरवल्यावर पाणी आत येतं की नाही. जिजी सगळ्यांकडे एका डोळ्याने बघायच्या आणि बोट वर करायच्या.

मी पुस्तक उघडणार नव्हते. तीन दिवस उघडलंही नाही. चौथ्या दिवशी सुतळी सोडली. पाणबुडीतली मुलगी चाकाकडे हात नेते, आणि त्याच्यापुढे पानंच नव्हती. पस्तीचं पुस्तक. शेवटची वीस-तीस पानं कधीच गळून गेलेली.

 कॉलेजच्या ग्रंथालयात विचारायला गेले, तर पुस्तकाचं नाव काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाणबुडीवालं. त्यांनी मला शांतपणे बाहेरचा रस्ता दाखवला. रविवारी पस्तीवाल्याचा सगळा ढीग उपसला. काही नाही. तिकडे जिजी भाजीची देठं चाचपून ओळखायला लागल्या होत्या. त्यांनी शेवटासाठी ऑपरेशन करून घेतलं आणि शेवटच नसला तर? मी सबंध दिवस वाक्यं जुळवली आणि मग आप्पांसमोर जाऊन पिशवी ठेवली.

"आप्पा, याला शेवट नाहीये."

"माले माहीत शे," आप्पा म्हणाले.

कितीतरी पुस्तकांना नव्हता. बर्फवाल्याला नव्हता, विषाणूवाल्याला तर मधलीही पन्नास पानं नव्हती. ती पानं आप्पांनी स्वतः जोडली होती, तार जोडतात तशी, गाठ दिसणार नाही अशी. या खेपेला मात्र त्यांना गाठ सापडत नव्हती. इतके दिवस ते त्याच विचारात होते. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, सायन्स, खरं सांग, पाणबुडी वर कशी येते?

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या एखाद्या पुस्तकातल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. पण मी अडखळले. मी म्हटलं, टाक्यांत पाणी भरलं की ती जड होऊन खाली जाते. दाबून साठवलेली हवा त्या टाक्यांत सोडली की पाणी बाहेर ढकललं जातं आणि ती हलकी होऊन वर येते. असं मी वाचलंय. चूक असेल तर माहीत नाही.

आप्पांनी लगेच विचारलं, "म्हणजे जी हवा श्वासाले, तीच वर येवाले?"

मी म्हटलं, तसं असू शकेल, दुसरी शिल्लक नसेल तर.

"बस," आप्पा म्हणाले. "गाठ पडनी."

गोष्ट थांबल्यापासून तेराव्या दिवशी सकाळी आप्पा दाढी करत असताना जिजी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. आरशातल्या आप्पांकडे बघत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्या पोरनी हवा सरी राहिनी. चाला, कोठे जानं शे?"

आप्पांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता. ते तसेच उठले आणि दवाखान्यात जायला शर्ट शोधायला लागले.

ऑपरेशन दोन दिवसांनी सकाळी झालं आणि दुपारी रिक्षाने त्यांना घरी आणलं. पट्टी दुसऱ्या दिवशी निघणार होती. तोपर्यंत जिजींना ऐकू येणार नव्हतं आणि दिसणारही नव्हतं. गल्लीने ठरवलं होतं की आज कोणी तिकडे जायचं नाही. आईने मला चहा देऊन पाठवलं तेवढंच.

मी दाराशी पोचले. घरात आप्पा पलंगाच्या कडेला बसले होते. जिजी उशीला टेकून बसलेल्या. त्या हाताने हवेत काहीतरी शोधत होत्या. आधी आप्पांचा खांदा सापडला, मग मान, मग हनुवटी. मग त्यांनी चारही बोटं आप्पांच्या ओठांवर ठेवली, त्या तुळतुळीत वरच्या ओठावर आणि खालच्यावर, आणि म्हणाल्या, "मंग?"

आप्पांनी मान हलवली. उद्या. पट्टी निघाल्यावर. आपली अट होती ना. बोटं हलली नाहीत.

"मंग?"

आप्पांनी एकदा दाराकडे पाहिलं. मी दिसले असेन. त्यांनी उठून दिवा लावला नाही. बसले होते तिथेच जरा पुढे सरकले, दोन्ही हातांनी जिजींचं मनगट धरलं आणि सांगायला सुरुवात केली, नेहमीपेक्षा सावकाश, एकेक शब्द त्यांच्या बोटांवर ठेवत.

चहा मी खाली उंबऱ्यात ठेवला. मी उभी होते तिथून मला फक्त आप्पांच्या गालाची कड दिसत होती. ओठ जिजींच्या बोटांखाली होते. पुढे पट्टी निघाली, डोळा चांगला आला, आणि आप्पांनी सरळ नवं पुस्तक काढलं. पाणबुडीचं काय झालं म्हणून गल्लीने खूप भांडण काढलं. आप्पा म्हणाले, ते सांगून झालं.

ती पाच माणसं वर कशी आली, मला अजून माहीत नाही. जिजींना विचारलं तर त्या हसतात.